स्लो डाऊन केलं, की झालं?

मंगळवार, ४ तारीख

आधी चष्मा शोध. डोक्यावर बघ, तिथे नसेल तर फ्रिजमध्ये बघ. मागच्या खेपेला अंड्यांच्या कप्प्यात सापडला होता. मिळाला? मग वाच. हे वाचशील तेव्हा तू एका लेकराची आई झालेली असशील. लेकरू कुठे ठेवलंस तेवढं विसरू नकोस, बाकी सगळं माफ.

तूच म्हणालीस, "आजी, माझ्या डोक्याची चाळण झालीये. या दिवसांतलं मला पुढे काही आठवणार नाही. तू बोलत जा आणि आईला लिहायला लाव." मला अक्षर येत नाही. तुझ्या आईला अक्षर येतं पण बोलता येत नाही, निदान सासूसमोर. म्हणजे आम्ही दोघी मिळून एक शिकलेली बाई होतो.

सूनबाई, हसू नकोस. लिही.

परवा तू आलीस ती ड्रायव्हिंग शिकवायच्या त्या दोन ब्रेकच्या गाडीतून. पोट स्टिअरिंगला टेकलं होतं आणि तरी म्हणे, "आजी, अजून दोन विद्यार्थ्यांची परीक्षा आहे, तेवढं शिकवून टाकते." सातवा महिना सरत आला, पण तुझ्या पायाची भिंगरी काही थांबत नाही. उगाच नाही मी तुला वावटळ म्हणत. आलीस, जेवलीस, गेलीस. मागे राहिलं काय, तर फोनचा चार्जर, एक मोजा आणि उघडं दार.

आज दुपारी तुझ्या नवऱ्याचा फोन आला. गोगलगाय स्वतःहून फोन करते म्हणजे नवलच. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, पण इतका सावकाश की तोवर लोक जिन्याने चढून, काम आटोपून परत खाली येतात. तुझ्या आईने फोन घेतला आणि बोलत बोलत गॅलरीत गेली. आत आली तेव्हा तोंड धुतल्यासारखं कोरं होतं.

"काय म्हणतात जावई?" मी विचारलं.

"काही नाही. डॉक्टरांनी तिला स्लो डाऊन करायला सांगितलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे दमानं घ्यायला. आराम करायला."

मी म्हटलं, बरं झालं. मी वीस वर्षं हेच मराठीत सांगत होते, ते कोणी ऐकलं नाही. इंग्रजीत सांगितल्याबरोबर औषध झालं.

हे बोलले आणि तुझी आई थांबली. पेन उचलून धरलंय आणि लिहीत नाहीये. शाई संपली का विचारलं, तर मान हलवते. हो म्हणून हलवते की नाही म्हणून, ते काही कळलं नाही.

गुरुवार, ६ तारीख

तो शब्द डोक्यातून जाईना. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, म्हणून म्हटलं त्यांनाच विचारावं. आपल्या जिन्याला हल्ली कोणीतरी चोरून पायऱ्या वाढवल्यात. मधल्या खिडकीशी मी जरा थांबले. दमले म्हणून नाही, रस्ता बघायला. मग कठड्याचा आधार घेऊन आणखी थोडा रस्ता बघितला.

बाई खूश झाल्या. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी धडा विचारला. म्हणाल्या, "स्लो म्हणजे हळू. डाऊन म्हणजे खाली."

"म्हणजे हळूच खाली? जिना उतरताना म्हणायचं?"

"नाही हो आजी. इथे डाऊनला खाली असा अर्थच नाही. ते नुसतं शेपूट आहे. स्लो डाऊन म्हणजे वेग कमी. आणि गंमत म्हणजे स्लो अप म्हटलं तरी वेग कमीच."

"वर म्हणा नाही तर खाली म्हणा, एकच? कसली ही भाषा!"

पण मग मला वाटलं, माझ्या गुडघ्यांना ही भाषा पक्की येते.

बाईंनी पुष्कळ सांगितलं. गाडीला म्हणतात. भरभर बोलणाऱ्याला म्हणतात, जरा स्लो डाऊन, कळत नाहीये. धंद्याला म्हणतात. फार राबणाऱ्याला म्हणतात. वय झालेल्या माणसाबद्दलही म्हणतात, असं म्हणून बाईंनी माझा चहाचा कप उगाच सरळ केला. आणखी एक, कशाचा वेग कमी करायचा ती वस्तू या दोन शब्दांच्या मधे बसवता येते. स्लो, मग गाडी, मग डाऊन. मी म्हटलं, कळलं, नवरा-बायकोच्या मधे पोर झोपतं तसं.

"पण खरी मेख वेगळीच आहे," बाई म्हणाल्या. "गाडीचा वेग आपोआप कमी झाला तरी स्लो डाऊन, आणि ड्रायव्हरने तो मुद्दाम कमी केला तरी स्लो डाऊन. इंग्रजीत शब्द तोच. आपण मराठीत त्याला पुढे 'करणं' लावतो नाही तर 'होणं', म्हणून आपल्याला कळतं. तेव्हा आधी कर्ता बघावा लागतो."

"कर्ता? आमच्या घरात कर्ता कोण ते मला अजून कळलं नाही. मुलाला वाटतं तो आहे."

बाई इतक्या हसल्या की त्यांची कवळी सरकली. हे लिहू नकोस गं. लिहिलंस? जाऊ दे.

खाली आले तर तुझी आई स्वयंपाकघरात डोळे पुसत होती. म्हटलं, काय झालं? तर म्हणे कांदा. विळीवर भोपळा होता.

शुक्रवार, ७ तारीख

खालच्या शिंप्याकडे गेले. तू लहान असल्यापासून त्याच्या शर्टांना काजं-बटणं मीच करते, हे तुला आठवत असेल. नसेलही, तुझा काय भरवसा.

पूर्वी तो मला बघितलं की गठ्ठा पुढे सरकवायचा. आज दोन शर्ट दिले.

"एवढेच?"

"काय करू आजी, धंदा स्लो डाऊन आहे." त्यालाही तोच शब्द! "सावकाश द्या. घाई नाही."

मी म्हटलं, लग्नसराई असो नसो, माणसं शर्ट घालायची थांबली की काय? तो मान खाली घालून कापड कापत राहिला. दुकानात नव्या कापडाची चळत माझ्या डोक्याच्या वर गेली होती आणि घरी येऊन बसले तरी खालून मशीनचा खडखडाट चालूच होता, अगदी अंधार पडेपर्यंत. धंदा मंद आणि मशीन धावतंय, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. तुझ्या आईला विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही आता विश्रांती घ्या ना आई."

मी विचारलं काय, हिचं उत्तर काय!

मंगळवार, ११ तारीख

आज तुझा फोन आला. तुझ्या आईने तो टेबलावर ठेवला, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल.

"आजी, कशी आहेस?" तू विचारलंस आणि माझ्या उत्तरासाठी थांबलीस. तू उत्तरासाठी कधी थांबली आहेस? तू प्रश्न विचारतेस तेव्हा तुझा एक पाय चपलेत असतो.

"मी बरी. तू काय करतेस?"

"काही नाही गं. डाव्या कुशीवर पडून असते. गाडी बंद, शिकवणं बंद. अगदी स्लो डाऊन केलंय."

"शहाणी ती! आणि आतला विद्यार्थी काय म्हणतो? लाथा मारतो का?"



"मारतं ना," तू म्हणालीस. "जरा कमी. त्यानेही…" आणि तुझा आवाज दबला. "त्यानेही स्लो डाऊन केलंय, आजी."

मी म्हटलं, "बापावर गेलंय! झाली आणखी एक गोगलगाय घरात!" तू हसलीस, पण हसू अर्ध्यातच पडलं. तुझ्या आईने झटकन फोन उचलला, कानाला लावला आणि गॅलरीचं दार ओढून घेतलं. काचेतून मला तिची पाठ दिसत होती. पाठ बघून माणूस बोलतोय की नुसता ऐकतोय ते कळतं. ती ऐकत होती.

जेवताना मी मुलाला, म्हणजे तुझ्या बापाला, म्हटलं, "पोट केवढं दिसत होतं रे तिचं परवा? मला जरा लहानच वाटलं."

"सगळ्यांचं सारखं नसतं, आई."

त्याने उरलेला भात पानातच ठेवला. हा माणूस लहानपणी ताटली चाटायचा.

बुधवार, १२ तारीख

तुझी आई म्हणते आज लिहिण्यासारखं काही नाही. मग तेच लिही म्हटलं.

मी दुसऱ्या शर्टाचं काज उसवलं. वाकडं आलं होतं.

रविवार, १६ तारीख

आज मोठं लिहायचंय, सूनबाई, आणि तू मधे थांबायचं नाहीस. कागद ओला झाला तरी चालेल.

दुपारी जेवणं झाली. मी आतल्या खोलीत पडले होते. या घरात सगळ्यांचा समज आहे की मला कमी ऐकू येतं. तो समज मीच करून दिलाय, त्यामुळे नको ती कामं कानावर पडत नाहीत. माझा मुलगा स्वयंपाकघरात फोनवर होता, आणि गोगलगायीचा आवाज त्या फोनमधून भिंत ओलांडून येत होता.

"डॉक्टर म्हणाल्या, बाळाची वाढ स्लो डाऊन झालीये. वारेतून पुरेसं रक्त पोचत नाहीये. बुधवारी परत बघणार, आणि तेव्हाही तसंच दिसलं तर वाट बघता येणार नाही…"

"हळू बोला," मुलगा म्हणाला. "आई झोपलीये."

मी उठले. भिंतीला हात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले.

"झालीये की केलीये?"

"काय गं आई? झोपली नव्हतीस?"

"मला तुम्ही सांगितलंत, स्लो डाऊन करायला सांगितलंय. आत्ता जावई म्हणाले, झालीये. करायला सांगितलं असतं तर ते तिच्या हातात होतं. झालंय ते कोणाच्या हातात आहे रे?"

मुलाने नळ बंद केला. तो बंदच होता.

तुझी आई खुर्चीवर बसली आणि एकदम बोलायला लागली. लग्न होऊन आल्यापासून माझ्यासमोर ती इतकं बोलली नसेल. "पहिल्या फोनलाच कळलं होतं मला. बाळ वाढायला हवं तेवढं वाढत नाही. मला काही सुचेना आई, तोंडातून 'करायला सांगितलंय' असं निघालं, आणि निघालं ते निघालं. रोज तुम्ही थट्टा करायचात, आणि तुमची थट्टा मला माझ्या हाताने लिहावी लागायची. बापावर गेलंय म्हणालात ना, ते लिहिताना…"

"अगं मग सांगायचं! मी काय काचेची आहे?"

"डॉक्टरांनी तुलाही…" मुलगा म्हणाला, आणि तुझ्या आईने त्याच्याकडे असं बघितलं की त्याची बोलती बंद झाली.

"मलाही काय?"

"जपायला सांगितलंय. छातीचा तो फोटो काढला होता ना तुझ्या. धसका बसेल असं काही कानावर घालू नका म्हणाले."

"म्हणजे मलाही स्लो डाऊन. करायचं, की झालंय?"

खाली शिंप्याचं मशीन चालू होतं, तेवढं ऐकू आलं.

माझं जाऊ दे. मी ठणठणीत आहे. तू तिकडे कुशीवर पडून आहेस, आणि मी तुझ्या लेकराला गोगलगाय म्हणाले, आणि तू ते ऐकून हसलीस. हसायची काय गरज होती गं? शिवी द्यायची होतीस मला.

सोमवार, १७ तारीख

तुझी आई सकाळच्या गाडीने तुझ्याकडे आली. मी पण निघाले होते. पिशवी भरली, चप्पल घातली. मुलगा दारात आडवा उभा राहिला.

"आई, प्रवास झेपणार नाही तुला."

"कोण म्हणतं?"

"खालच्या वाण्याकडून येताना काल तू तीनदा टेकलीस."

"रस्ता बघत होते!"

तर आता वरच्या बाई लिहितायत. त्या खाली येतात, मी वर जात नाही. त्या माझं मराठी दुरुस्त करतात. मी 'दवाखाना' म्हटलं, तर त्या 'रुग्णालय' लिहितात. मी म्हटलं, बाई, माझी नात रुग्णालयात जाते असं लिहिलंत तर तिला वाटेल दुसऱ्याच कोणाची गोष्ट आहे. खोडलं त्यांनी. खोडताना जीव गेला त्यांचा.

बुधवार, १९ तारीख

आज तुझी तपासणी. सकाळपासून मी काही खाल्लं नाही आणि बाईंनी ते लिहायचं नाही असं मी सांगितलंय, तरी त्यांचं पेन चाललेलं दिसतंय.

हाताला काम हवं म्हणून झबलं शिवायला घेतलं. जुन्या मऊ धोतराचं कापड आहे. सुईत दोरा जाईना. बाईंनी ओवून दिला, आणि मग माझे टाके बघितले. मी विचारलं, "कसं आलंय?" म्हणाल्या, "छान." शाळेत ढ मुलांना पण त्या असंच छान म्हणत असणार.

दुपारी तुझ्या आईचा फोन आला. मी आधीच सांगून ठेवलंय तिला, आता मला सगळं सांगायचं आणि शेवटचं क्रियापद गिळायचं नाही. तिने सांगितलं. तुला भरती करून घेतलंय. लेकराची छाती श्वास घ्यायला लवकर तयार व्हावी म्हणून सुई दिलीये. पोटाला पट्टा बांधलाय, त्यातून ठोके ऐकू येतात. ठोके बरे आहेत. मधेच एखादी खेप मंद होतात, मग परत चालू लागतात.

"मंद होतात? म्हणजे तेही…"

"हो आई. तेही."

बाईंनी मला सगळे अर्थ सांगितले होते, पण हा नव्हता सांगितला. मी त्यांना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "हा धड्यात नव्हता."

शिंप्याने माझे शर्ट घ्यायला माणूस पाठवला नाही, स्वतः आला. माझी वाकडी काजं बघितली, "झकास," म्हणाला आणि उठून गेला. पैसे मात्र पूर्ण ठेवून गेला. आज सगळेच मला छान आणि झकास म्हणतायत. फार वाईट दिवस आहे.

गुरुवार, २० तारीख

हे तुझा नवरा लिहितोय, दवाखान्याच्या बाकावर बसून. मी बोलते तेव्हा तो पहिल्या शब्दावर असतो. तो विचारतोय, मागच्या पानांवर गोगलगाय कोण आहे. लिहा हो जावईबुवा, मग सांगते.

सकाळी उजाडताना फोन आला. ठोके मंद झाले आणि या खेपेला लवकर वर आलेच नाहीत. तुला ऑपरेशनला नेत होते. मुलाने माझ्याकडे बघितलं, मी मुलाकडे बघितलं. तो चप्पल शोधायला लागला आणि मी म्हटलं, दोन्ही जोड काढ. या वेळी तो दारात आडवा आला नाही.

टॅक्सी मिळाली. चालवणारा तुझ्यासारखाच होता, पायाला चैन नसलेला. पुलावर त्याने गाडी अशी हाणली की मागची पिशवी पुढे आली. माझा मुलगा ओरडला, "अहो, स्लो डाऊन, स्लो डाऊन! म्हातारं माणूस आहे गाडीत!"

मी पुढे वाकून त्या ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला.

"बाबा, त्याचं ऐकू नकोस. चालव."

तो आरशात हसला आणि त्याने चालवली. जन्मात पहिल्यांदा मी कोणाला पळ म्हणाले असेन. वाटेत माझ्या छातीत मशीन खडखडत होतं, शिंप्याच्या दुकानातल्यासारखं. मुलाला सांगितलं नाही. आता लिहिलं गेलंच आहे, तर असू दे.

पोचलो तेव्हा झालं होतं. मुलगी आहे. माझ्या चपलेएवढी आहे. मी चप्पल काढून तुझ्या आईला दाखवली, तर ती रडता रडता हसली आणि मग नुसतीच रडली. तू अजून गुंगीत होतीस, ओठ कोरडे, पण रंग होता. तुझ्या कपाळाला हात लावला. गरम होतं. बरं वाटलं.

पोरीला काचेच्या पेटीत ठेवलंय. नाकात नळी आहे. मला काचेपर्यंत जाऊ दिलं. बरगड्या दिसतात आणि त्या इतक्या भरभर वरखाली होतात की बघवत नाही, जणू कोणाच्या तरी मागे धावतेय. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, "कसं आहे?"

"श्वास फार भरभर आहे, आजी. असाच राहिला तर ती दमेल. बघू या."

बघू या. म्हणजे त्यांनाही माहीत नाही.

मी काचेला तोंड लावून म्हटलं, "अगं बये, मी तुला बापावर गेलीस म्हणाले होते. चुकलं माझं. तू आईवर गेलीस. पण इथे कोणाला गाठायचंय तुला? सगळे आलोय आम्ही. जरा स्लो डाऊन कर." करायला सांगितलं. तिच्या हातात आहे की नाही ते मला काय ठाऊक. तिचे हात बघितलेस का? काजातून जातील एवढे आहेत.

जावईबुवा, तुमचं पेन थांबलं. थांबू दे. आज पुरे.

रविवार, २३ तारीख

शुक्रवार-शनिवारचं लिहिलं नाही. बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं आणि लिहिणारा काचेपासून हलत नव्हता. तू उठून बसलीस, आणि बसल्या बसल्या विचारलंस, "आजी, माझा चष्मा?" तो उशीखाली होता. तुला आज आठवणार नाही, पण शनिवारी तू मला विचारलंस, "माझ्या धावपळीने झालं का गं हे?" मी नाही म्हटलं. डॉक्टरीणबाईही नाही म्हणाल्या. तुझी आई तर मोठ्याने नाही म्हणाली. तिघींनी सांगितलंय. म्हणून लिहून ठेवतेय, की पुढे कधी हे विचारायला विसरलीस तर चालेल, पण उत्तर विसरू नकोस.

आता सकाळचं सांगते.

मी बाहेरच्या बाकावर होते. काचेच्या खोलीचं दार उघडलं आणि नर्सबाई आतल्या दुसऱ्या नर्सला सांगत बाहेर आल्या. मला शेवटचे शब्द तेवढे ऐकू आले.

"…स्लो डाऊन झालंय."

झालंय.

मी बाकाची कड घट्ट धरली. डोळ्यांसमोर ते झबलं आलं, वाकड्या टाक्यांचं. नर्सबाईंनी मला बघितलं आणि धावत जवळ आल्या. "आजी? काय होतंय?"

"झालंय म्हणालात."

"हो, झालंय! श्वास स्लो डाऊन झालाय. पहाटेपासून शांत घेतेय. नळी काढायचं म्हणतायत डॉक्टर." आणि मग माझ्या तोंडाकडे बघून, "अहो, चांगलं आहे हे!"

सगळे अर्थ मी गोळा केले होते, आणि चांगल्या 'झालंय'ची मला कोणी कल्पनाच दिली नव्हती. वरच्या बाईंना सांगायला हवं, धड्यात घाला म्हणावं.

तुझा नवरा खाली औषधं आणायला गेला होता. नर्सबाईंनी त्याला खालीच गाठून सांगितलं. आणि लिहा जावईबुवा, लाजू नका, लिहा: जावई धावले. लिफ्टची वाट न बघता, हातात पिशवी घेऊन, सगळा लांबलचक बोळ धावत आले, आणि माझ्यासमोर थांबता थांबेनात, दाराला जाऊन धडकले. गोगलगाय कोण हे त्यांना आता कळलंय. रागावले नाहीत. म्हणतात, शब्द बरोबर आहे, फक्त आजचा दिवस वगळा.

दुपारी पोरगी तुझ्या छातीवर ठेवली, नळीशिवाय. तुझ्या श्वासाबरोबर तिचा श्वास, सावकाश. तू हलली नाहीस. तासभर एका जागी. तुला जन्मापासून ओळखते, एवढी स्थिर मी तुला बघितलेली नाही. घरी न्यायला अजून वेळ आहे, तिला अजून वाढायचंय, डॉक्टरीणबाई अजूनही 'बघू या' म्हणतात. पण आज म्हणताना हसल्या.

डॉक्टरीणबाईंनी जाता जाता माझीही नाडी धरली आणि मला उद्या खालच्या मजल्यावर तपासून घ्यायला सांगितलंय. जाईन. लिफ्टने जाईन. घरात लिफ्टचा माणूस आहे, तर जिन्याचा हट्ट कशाला.

मुला, तू घरी पोचलास की शिंप्याला निरोप दे. म्हणावं, तुझा धंदा स्लो डाऊन आहे ना, असू दे. माझ्याकडे आता चपलेएवढ्या मापाची झबली शिवायची आहेत, आणि त्या गिऱ्हाइकाला टाका वाकडा आला तरी कळत नाही.

आणि सूनबाई, तू तिकडे लेकीच्या घरी स्वयंपाक करतेयस, तुला या पानाचा फोटो पाठवायला सांगितलाय. संध्याकाळच्या डब्यात तिला मऊ भात दे, वर तूप, आणि दोन उकडलेली अंडी, सोलून, ती सोलायचं विसरेल. मला मीठ कमी घातलेलं भाज्यांचं सूप, आणि कमी म्हणजे कमी, डॉक्टरीणबाई विचारणार आहेत. पण सूप तू स्वतः घेऊन ये, कढत आहे तोवर. जावईबुवांच्या हाती फक्त दही आणि केळी पाठव, ती वाटेत गार होत नाहीत.